कामगारांचा पक्ष म्हणे!
अमेरिकेतला, ट्रम्प यांचा रिपब्लिकन पक्ष आता कामगारांचा झालाय, हे तुमचं म्हणणं पटत नाही. मतं कामगारांची मिळतात, मान्य. पण कायदे बघा ना. प्रायव्हेट इक्विटी फंड, म्हणजे इतरांच्या पैशातून कंपन्या विकत घेऊन नफ्यात विकणारे फंड. ते चालवणाऱ्यांना नफ्यातल्या आपल्या वाट्यावर पगारदारांसारखा कर नाही, भांडवली नफ्याचा, म्हणजे गुंतवणूक विकून झालेल्या नफ्याचा, कमी दर लागतो. ही पळवाट बंद करू, असं ट्रम्प २०१६च्या प्रचारात सांगत होते. २०१७च्या कायद्यात झालं काय? कमी दर मिळायला गुंतवणूक किती काळ ठेवायची, ती मुदत १ वर्षाची ३ वर्षं केली, बस्स. कंपनी कर मात्र ३५ वरून थेट २१ टक्के!

डेमोक्रॅटही धुतल्या तांदळासारखे नाहीत. २०२२ मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, १०० पैकी त्यांचे जेमतेम ५०; एकेक मत मोलाचं. त्यांच्याच सिनेटर किर्स्टन सिनेमा अडून बसल्या आणि पळवाट आवळणारं कलम पक्षाच्या विधेयकातून गळालं. याचा मला अजूनही संताप येतो.