मानोलोंनंतर एफसी गोवाचा मुख्य प्रशिक्षक कोण? यावेळी गोंयकारच हवा

फोंडेकर:
मानोलो मार्केझ 2023 पासून आपल्या एफसी गोवा फुटबॉल संघाकडे आहेत. 2025 मध्ये त्यांनी दोनदा सुपर कप जिंकून दिला, एकदा भुवनेश्वरला आणि मग डिसेंबरात आपल्या घरच्या मैदानावर, फातोर्ड्यावर. त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण कुठलाच प्रशिक्षक जन्मभर राहत नाही, आणि तो गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पुढचं आजच ठरवलेलं बरं. माझं मत स्पष्ट आहे: पुढचा मुख्य प्रशिक्षक गोव्याचाच हवा, आणि पहिलं नाव गोव्याचे जुने खेळाडू क्लिफर्ड मिरांडा.

जानेवारी 2020 संपता संपता तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना काढलं तेव्हा आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) साखळीतले तीन सामने उरले होते. क्लिफर्डनी संघ हाती घेतला आणि तिन्ही जिंकले: हैदराबादला 4-1, मुंबईला 5-2, जमशेदपूरला 5-0. साखळीत पहिलं येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड आपल्याकडे आली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब म्हणून आपलं नाव लागलं. पुढच्या हंगामाला मुख्य प्रशिक्षक कोण? हुआन फेरांडो.

एप्रिल 2023 मध्ये तेच. ओडिशा एफसीने हंगामी, म्हणजे तात्पुरते प्रशिक्षक म्हणून क्लिफर्डना उभं केलं, त्यांनी बेंगळुरूला हरवून सुपर कप जिंकला, आणि महिन्याभरात ती जागा मिळाली लोबेरांना. काम याने करायचं आणि खुर्ची दुसऱ्याला. चेन्नईयिनने 2025 मध्ये त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं. जे चेन्नईला सुचलं ते पणजीला का सुचू नये?

मडगाव पूर्व स्टँड:
फोंडेकर, तीन सामन्यांवर माणूस ठरवायचा नसतो. तो संघ लोबेरांनी अडीच वर्षं घडवला होता. कोरो, ब्युमूस, जाहू, फॉल ही माणसं मैदानात असताना शेवटचे तीन सामने जिंकून देणं म्हणजे शिजलेल्या भाताखालचा गॅस बंद करणं. लगेच आलेल्या उपांत्य फेरीचं तुम्ही लिहिलंच नाही. चेन्नईत 4-1 ने मार खाल्ला. फातोर्ड्यावर 4-2 ने जिंकलो तरी एकूण 6-5 ने बाहेर.

आता कपाटातल्या ट्रॉफ्या बघा. 2019 चा सुपर कप लोबेरांचा, 2021 चा ड्युरँड कप फेरांडोंचा, 2025 चे दोन्ही सुपर कप मानोलोंचे. सगळे स्पॅनिश. ही काही गोऱ्या कातडीची भक्ती नव्हे. आपण ज्या पद्धतीचा खेळ खेळतो, चेंडू पायाशी ठेवून मागून बांधत यायचा, ती पद्धत ज्यांच्या हाडीमाशी मुरली आहे त्यांच्याकडूनच ती नीट येते. 2017 पासून क्लबची ओळखच ही आहे. ती का मोडायची?

जुना धेंपोवाला:
पोरांनो, 2014 मध्ये आयएसएल आली त्याआधी गोव्यात फुटबॉल नव्हता असं बोलू नका. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांनी धेंपो या गोव्याच्या जुन्या क्लबला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. नॅशनल लीग 2004-05 आणि 2006-07, मग आय-लीग 2007-08, 2009-10, 2011-12. 2008 मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलं. चेंडू जमिनीवर ठेवून खेळणं त्या धेंपोलाही येत होतं, आणि ते शिकवायला कोणी माद्रिदहून आलं नव्हतं. क्लिफर्ड, समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स त्याच संघातले. डाव्या बाजूने क्लिफर्ड आत शिरला की पास कुठे जाणार हे स्टँडमधल्या आम्हाला कळायचं आणि समोरच्या बॅकला कळायचं नाही.

कुलासोंना धेंपोत वर्षानुवर्षं मिळाली. एफसी गोवाने गोंयकाराला कधी पूर्ण एक हंगाम तरी दिला का? 2021-22 मधला गोंयकार डेरिक परेरांचा नववा क्रमांक आता कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो. फेरांडो डिसेंबर 2021 मध्ये ऐन हंगामात एटीके मोहन बागानला निघून गेले. त्या हंगामातले पहिले तीन सामने आपण हरलेले होते. घर गळायला लागल्यावर डेरिकना वर चढवलं. याच डेरिकनी 2005-06 मध्ये महिंद्रा युनायटेडला नॅशनल लीग जिंकून दिली होती.

मडगाव पूर्व स्टँड:
काका, धेंपोचा तो काळ मीही पाहिला आहे आणि मान आहेच. पण आय-लीगमध्ये समोरच्या बाकावरही बहुतेक भारतीयच प्रशिक्षक असत. आता समोर हंगामभर व्हिडिओ चिरफाड करणारी चार-पाच जणांची फौज घेऊन आलेला माणूस असतो. आणि त्याच काळात गोव्याच्याच साळगावकर क्लबने 2010-11 ची आय-लीग जिंकली ती मोरोक्कोच्या करीम बेंचरिफांच्या हाताखाली, गोव्याच्याच चर्चिलने 2008-09 ची जिंकली ती सर्बियाच्या झोरान जोर्जेविचांच्या हाताखाली. बाहेरचा माणूस गोव्याला तेव्हाही वर्ज्य नव्हता.

पेडणेकरीण:
तुम्ही दोघे इतिहासात अडकलात. मला प्रश्न पडतो तो पोरांचा. ब्रायसन फर्नांडिस आपल्याच क्लबच्या खालच्या संघातून वर आला आणि 2024-25 मध्ये आयएसएलचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. ऑक्टोबर 2025 मध्ये फातोर्ड्यावर रोनाल्डोच्या अल नासरविरुद्ध 2-1 ने हरलो, पण आपला तो एक गोल त्याचाच. रोनाल्डो आला नाही म्हणून हळहळत आलेली माणसं त्या गोलला खुर्च्यांवर चढली होती. आता सांगा, ब्रायसनला सतत खेळवलं कोणी? मानोलोंनी. म्हणजे गोव्याच्या पोराला संधी देण्यासाठी प्रशिक्षक गोव्याचाच लागतो हे मला पटत नाही. त्याला डोळे लागतात आणि धीर लागतो.

पण मडगाव पूर्व स्टँड, तुमच्या स्पॅनिश यादीत कार्लोस पेन्या दिसले नाहीत. 2022-23, सातवा क्रमांक, प्ले-ऑफ हुकला. तेही स्पॅनिशच होते, वर आपल्याकडून खेळलेले.

डिचोलीचा दहा नंबर:
बरं झालं पेन्यांचं नाव काढलंत ताई. आणि झिकोंचंही काढा. ब्राझीलचा एवढा मोठा माणूस, पहिल्या वर्षी त्यांच्या नावावर स्टेडियम भरलं. 2015 च्या अंतिम सामन्यात चेन्नईयिनविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत 2-1 ने पुढे होतो आणि 3-2 ने हरलो. घरच्या मैदानावर. मी तेव्हा शाळेत होतो, वडिलांबरोबर गेलो होतो. परतीच्या वाटेवर फर्मागुडीपर्यंत गाडीत कोणी तोंड उघडलं नाही. पुढच्याच वर्षी, 2016 मध्ये, झिकोंच्याच हाताखाली आपण तळाला. नाव मोठं म्हणून संघ चालतो असं नाही.

मला क्लिफर्डपेक्षा महेश गवळी हवेत. 2023 च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचे प्रशिक्षक स्टिमाच निलंबित झाले तेव्हा लेबनॉनविरुद्धची उपांत्य फेरी आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना गवळींनी बाजूला उभं राहून काढला. दोन्ही पेनल्टीवर जिंकलो. स्वतः सेंटर बॅक होते, आणि आपलं दुखणं नेमकं तिथेच आहे. आपण गोल करतो. आपण शेवटच्या पाच मिनिटांत फुटतो.

फोंडेकर:
दहा नंबर, हेच तर माझंही म्हणणं आहे आणि पूर्व स्टँडवाले तेच टाळतात. कप आणि शील्ड सगळं मान्य. पण प्ले-ऑफ जिंकून मिळणारी आयएसएलची मुख्य ट्रॉफी 2014 पासून एकदाही नाही. एप्रिल 2024, मुंबईविरुद्ध उपांत्य फेरी, फातोर्डा: 90 व्या मिनिटापर्यंत 2-0 ने पुढे. बोरिसचा गोल, ब्रँडनचा गोल, लोक पुढच्या सामन्याच्या तिकिटांचं बोलायला लागले होते. मग मुंबईचे छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे. 2-3. वर्षभराने उपांत्य फेरीतच बेंगळुरूविरुद्ध पहिला सामना 0-2 ने गमावून फातोर्ड्यावर आपण 2-0 केलं, एकूण बरोबरी साधली, आणि 90 मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत छेत्रीचं हेडर. दोन्ही वेळा बाकावर मानोलो. पद्धत स्पॅनिश, पाय मात्र लटपटले. अशा वेळी पोरांच्या खांद्यावर हात ठेवून कोकणीत दोन शब्द बोलणारा माणूस बाजूला असणं याला किंमत आहे.

मडगाव पूर्व स्टँड:
छेत्रीचं हेडर कोकणीत बोलून अडलं नसतं. आणि ड्रेसिंग रूममध्ये मणिपूर, केरळ, पंजाब, मिझोरामची पोरं असतात, त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलणार? भावनेने संघ निवडायला लागलो तर उद्या म्हणाल अकराही गोव्याचेच हवेत.

शेवटच्या पाच मिनिटांचा आजार तर 2015 पासून आहे. झिको ब्राझीलचे होते, मानोलो स्पेनचे. दोष देशाचा नाही. बाकावर बचावाचे ताजे पाय नसतात, हा दोष संघबांधणीचा आहे, आणि ती एकट्या प्रशिक्षकाच्या हातात नसते. मानोलोंबद्दल आणखी एक. मे 2025 च्या सुपर कप अंतिम सामन्यात त्यांनी जमशेदपूरला 3-0 ने हरवलं. त्या जमशेदपूरचे प्रशिक्षक खालिद जमील होते, ज्यांना आपण सगळे आजचे सर्वोत्तम भारतीय प्रशिक्षक मानतो. फरक मैदानावर दिसला.

माझं नाव हवं असेल तर हुआन पेद्रो बेनाली. त्यांनी नॉर्थईस्ट युनायटेडला 2024 आणि 2025 असे सलग दोन ड्युरँड कप जिंकून दिले. भारतीय पोरं घडवतो, भारतातल्या उन्हाची आणि प्रवासाची सवय आहे.

जुना धेंपोवाला:
खालिदचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. 2016-17 मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला त्यांनी आय-लीग जिंकून दिली. तरी आयएसएलमध्ये कायम मुख्य प्रशिक्षक होणारा पहिला भारतीय व्हायला त्यांना 2021 उजाडलं. लीग सुरू होऊन सात वर्षं झाली होती. ऑगस्ट 2025 मध्ये ते देशाचे प्रशिक्षक झाले. एका सामन्यात 3-0 ने हरला म्हणून माणूस लहान होत नाही. तेवढी सात वर्षं आपल्या माणसांना कोणी उभंच केलं नाही, हा त्यातला खरा हिशेब.

पेडणेकरीण:
पैशाचं कोणीच बोलत नाही. लीगचे व्यावसायिक हक्क अडकले, 2025-26 चा हंगाम 14 फेब्रुवारी 2026 पर्यंत सुरूच झाला नाही, तोही आखूड करून. परदेशी मुख्य प्रशिक्षक एकटा येत नाही. सहायक येतो, फिटनेसवाला येतो, सगळ्यांचं घर, गाडी, विमान. तेच पैसे खालच्या संघांकडे वळले तर पुढचा ब्रायसन पेडण्यातून किंवा सत्तरीतून येईल. आमच्याकडे पोरं आहेत, मैदानं आहेत, पण वर्षभर शिकवणारा माणूस मिळत नाही. त्यासाठी मी फोंडेकरांच्या बाजूने, कोकणीसाठी नाही.

आणि परदेशी माणूस जाताना काय होतं तेही बघितलंय. लोबेरा मुंबईला गेले, मागोमाग ब्युमूस, जाहू, फॉल आणि आपला मंदार राव देसाईसुद्धा. 2020-21 मध्ये मुंबईने शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही नेलं.

मडगाव पूर्व स्टँड:
ताई, पैशाचा मुद्दा बिनतोड आहे. पण लोबेरांनंतर पोरं गेली ती पैशासाठी आणि ट्रॉफीसाठी. गोव्याचा प्रशिक्षक असता तरी ती गेलीच असती.

फोंडेकर:
मग अट घालू. गोंयकाराला तीन वर्षांचा करार, हंगामी हा शब्द कागदावर नको. क्लिफर्ड मोकळे नसतील तर गवळी. सोबत बचावासाठी बाहेरचा एक सहायक द्या, माझी हरकत नाही.

मडगाव पूर्व स्टँड:
तीन वर्षं द्या, पण पहिल्या हंगामात पहिल्या चारात यायलाच हवं, हेही त्याच करारात लिहा. परदेशी माणसाला आपण तोच नियम लावतो, गोंयकाराला सूट कशासाठी? त्यावर सही करणारा सापडला तर पूर्व स्टँडमधून त्याच्या नावाने सगळ्यात आधी मी ओरडेन. तोपर्यंत माझं मत बेनालींनाच.

जुना धेंपोवाला:
लिहा की. क्लिफर्ड सही करेल. मी त्याला खेळताना पाहिलंय.