भरिताची वांगी उलटण्यासाठी आकडी घडवताना टोक का बिघडते?

नवशिका:
सर्वांना नमस्कार. घरामागच्या मोकळ्या जागेत मी चार महिन्यांपूर्वी एक लहान भट्टी मांडली आहे. जुन्या ट्रकच्या ब्रेक ड्रमचे भांडे, त्याला खालून जोडलेला ब्लोअर आणि लोणारी कोळसा, एवढाच तिचा संसार. ऐरण म्हणून भंगारवाल्याकडून पावतीसह घेतलेला जाड पोलादी ठोकळा वापरतो. आतापर्यंत खिळे आणि दोरी अडकवायचे हूक घडवून झाले आहेत. आता निखाऱ्यावर भाजताना वापरता येईल अशी लांब दांड्याची आकडी करायची आहे. आमचे मूळ गाव जळगाव जिल्ह्यात असल्यामुळे हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजणे ठरलेलेच असते, आणि चिमट्याने दाबून उलटली की साल फाटून रस राखेत गळतो. टोकाला एक वेटोळे असलेली आकडी हाती असेल, तर देठात अडकवून वांगे फिरवता येईल. पनीर किंवा कोंबडीचे तुकडे उलटण्यासही ती चालेल, असा विचार आहे.

दोन प्रयत्न फसले. पहिल्या वेळी टोक बारीक झाल्यावर पुन्हा भट्टीत ठेवले, तर ठिणग्या उडून ते जळूनच गेले. दुसऱ्या वेळी घरबांधणीतून उरलेली सळई वापरली, तर वेटोळे वळवताना तिला चीर गेली. धातू कोणता घ्यावा, कामाचा क्रम काय ठेवावा आणि गंजू नये म्हणून शेवटी काय लावावे, हे कृपया सांगावे.

ऐरणीजवळचा:
आमच्या घरी तीन पिढ्यांपासून विळे, कोयते आणि खुरपी घडवली जातात, म्हणून आधी टोकाबद्दल लिहितो. बारीक टोक तापायला जाड दांड्याच्या मानाने फार थोडा वेळ लागतो, आणि आपण दांडा लाल होण्याची वाट पाहत असतो तोवर टोक पिवळ्याच्या पुढे जाऊन पांढरट होते व फुलबाजीसारख्या ठिणग्या सोडू लागते. त्या ठिणग्या म्हणजे लोखंड स्वतः जळत असते. असे जळलेले टोक पुन्हा तापवून सुधारत नाही, ते कापूनच टाकावे लागते. म्हणून टोक निखाऱ्यांच्या सर्वांत तप्त भागातून पलीकडे काढावे आणि त्यामागचा दांडा मध्यभागी ठेवावा. भाता किंवा ब्लोअर कमी करावा आणि भट्टीवरून नजर हलवू नये. भट्टी सावलीत असेल तर बरे, कारण दुपारच्या उन्हात नारिंगी रंगसुद्धा काळपट दिसतो आणि नवा माणूस विनाकारण आणखी तापवत राहतो.

टोक काढताना आधी चौकोनी, मग कोपरे दाबून अष्टकोनी आणि शेवटी गोल, असा क्रम ठेवावा. सुरुवातीलाच गोल करायला गेल्यास आतला धातू मागे राहतो, वरचा पुढे सरकतो आणि टोकाशी माशाच्या तोंडासारखी पोकळी पडते. ती दिसताच कानशीने घासून काढावी. ठोकून बंद केल्यास आत चीर तशीच दडून राहते. ठोकताना चौकोन शंकरपाळ्यासारखा तिरका होऊ लागला, तर सळई वळवून लांबट कोपऱ्यांवर ठोके द्यावेत आणि चौकोन सरळ झाल्यावरच पुढे जावे. रंग काळसर लाल झाला की हात थांबवावा. गार होत आलेल्या बारीक टोकावर आणखी दोन ठोके मारण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि मेहनत नेमकी तिथेच वाया जाते.

वेटोळे वळवताना पुढचे टोक क्षणभर पाण्यात बुडवून गार केले, तर त्याचा आकार टिकतो आणि त्यामागचा तापलेला भागच वळतो. मात्र ही युक्ती सौम्य पोलादापुरतीच आहे. गाडीच्या पाट्यासारख्या कडक पोलादाला असे पाणी लागले, तर ते काचेसारखे ठिसूळ होते. विळ्याच्या धारेला आपण पाणी देतो ते वेगळ्या हेतूने. आकडीला तशी गरजच नाही.

जवळपास कुठे घिसाडी कुटुंबाचा तळ पडला असेल, तर परवानगी घेऊन एक सकाळ तिथे बसावे. ऐरणीवर सळई फिरवणारा पुरुष आणि समोरून घण घालणारी बाई यांची लय पाहिली, की घाई न करता भरभर काम कसे होते ते लक्षात येते.

माजी निदेशक:
मी अनेक वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवत होतो. धातूच्या प्रश्नाला उत्तर सोपे आहे: लोखंडाच्या दुकानात मिळणारा सौम्य पोलादाचा 10 मिलिमीटरचा चौकोनी बार घ्यावा. बांधकामाची सळई टाळावी. तिच्या अंगावरच्या फासळ्या ठोकताना आत दुमडल्या जातात आणि वळवताना नेमक्या त्याच जागी चीर पडते. आपल्या दुसऱ्या प्रयत्नात बहुधा हेच घडले असावे. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पट्टी भट्टीत घालूच नये. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे घडाईच्या उष्णतेत त्याचा धूर होणारच, आणि तो श्वासात गेल्यास थंडी वाजून ताप भरतो. मुलामा घासून काढला तरी कोपऱ्यांत थोडा राहतोच, त्यामुळे असा माल वापरण्याचा हट्ट कशासाठी?

किती लांबीचा बार घ्यावा, याचे गणित घनफळावर चालते. निमुळत्या टोकाचे घनफळ तेवढ्याच लांबीच्या सरळ बारच्या एक तृतीयांश असते, म्हणून 120 मिलिमीटरचे टोक काढण्यास बारचा 40 मिलिमीटर भाग पुरतो. मुठीकडचे टोक 6 मिलिमीटर चौरस केले, तर तिकडचे 40 मिलिमीटर वाढून सुमारे 110 होतात आणि त्यातून टांगण्यापुरती कडी वळते. 600 मिलिमीटरचा बार घेतल्यास दोन्ही टोके वळल्यावर आकडी साधारण तेवढ्याच लांबीची राहते आणि तिचे वजन अर्ध्या किलोच्या आत बसते. मधल्या भागाला पीळ द्यायचा असेल, तर तो टोके घडवल्यानंतर पण वळवण्यापूर्वी द्यावा. बाकावरच्या व्हाइसमध्ये एक बाजू पकडून दुसरीकडे पान्हा लावावा, आणि पूर्ण भाग सारखा तापलेला असल्याशिवाय फिरवू नये, नाहीतर पीळ एकाच जागी गोळा होतो.

परदेशस्थ:
मी अमेरिकेत राहतो. इकडे परसात मांस भाजणाऱ्यांकडे हे हत्यार सर्रास दिसते आणि हौशी लोहार बहुधा सुरुवातीलाच ते घडवतात, त्यामुळे लेपाविषयी थोडे सांगू शकतो. रंग किंवा वार्निश लावू नये. तापल्यामुळे पोलादावर आलेले काळे खवले तारेच्या ब्रशने काढून फडक्याने नीट पुसावे, म्हणजे ब्रशची तुटकी तार अन्नात जाणार नाही. मग आकडी तेल किंचित धुरेल इतपत गरम करून जवसाच्या खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि जास्तीचे पुसून घ्यावे. जाड थर दिला तर तो चिकटच राहतो. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल घेऊ नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. पुढची निगा बिडाच्या तव्यासारखीच आहे.

नवशिका:
सर्वांचे मनापासून आभार. चौकोनी बार आणून काल पुन्हा बसलो. टोक जळले नाही, चीरही गेली नाही. माशाचे तोंड मात्र पडले होते, ते कानशीने काढले. जवसाचे तेल लावल्यावर रंग छान काळा आला आहे. एकच अडचण उरली. वेटोळे मी सुमारे 25 मिलिमीटर व्यासाचे केले, पण ते इतके मिटले आहे की वांग्याचा देठ आत शिरत नाही. पनीर उलटता येते, वांगे नाही. ते थंडच ओढून उघडावे काय?

ऐरणीजवळचा:
थंड ओढू नये. सौम्य पोलाद लगेच तुटणार नाही, पण वेटोळ्याचा गोलावा बिघडेल. नारिंगी रंगापर्यंत तापवून वेटोळे ऐरणीच्या शिंगावर (तिच्या निमुळत्या गोल टोकावर) किंवा तुमच्याकडे असेल त्या जाड पाइपाच्या काठावर चढवावे आणि हलक्या ठोक्यांनी फट रुंद करावी. फट मोजायची म्हटली, तर बाजारातून आणलेल्या सर्वांत मोठ्या वांग्याचा देठ माप म्हणून शेजारी ठेवावा. देठासाठी टोक टोचरे असण्याची गरज नाही, तेव्हा तापलेले आहे तोवर ते किंचित बोथटही करून घ्यावे. तेलाचा लेप या तापात जळून जाईल, तो पुन्हा द्यावा लागेल.