पहिली नोटीस येईपर्यंत पाच दंड झाले होते, अपील कसं करू?

प्रश्न: आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेतो. वाटेतला एक रस्ता सकाळी फक्त बससाठी राखीव झाला, हे मला कळलंच नाही. पहिली नोटीस हातात पडेपर्यंत कॅमेऱ्याने पाच वेळा टिपलं होतं. त्यानंतर एकदाही तिकडून गेलो नाही. काल पायी जाऊन पाहिलं, तर पाटी फांदीआड आहे. गाडीतून तिची फक्त खालची कड दिसते. पाचही दंड भरावेच लागतील का?

उत्तर १: आधी भरून टाकू नका. बऱ्याच ठिकाणी दंड भरला की चूक कबूल केली असं धरतात. मुदत मात्र प्रत्येक नोटिशीवर वेगळी असेल, आजच तारखा लिहून काढा.

उत्तर २: ‘माहीत नव्हतं’ एवढ्यावर सहसा भागत नाही. पाटी दिसत नव्हती, हा खरा मुद्दा. ड्रायव्हरच्या सीटवरून फोटो काढा, तोही लगेच. उद्या कुणी फांदी छाटली तर पुरावाच गेला!

प्रश्नकर्ता: आत्ताच काढून आलो. आईचे हॉस्पिटलचे कागद जोडू का?

उत्तर २: जोडा, पण पाटीच्या फोटोमागे. आणि पाचही तारखा पहिल्या नोटिशीच्या आधीच्या आहेत, हे पहिल्याच ओळीत लिहा.