उ: घाटात ब्रेक लागेनासे झाले तर...

'डोकं शांत ठेवायचं आणि ब्रेक पुन्हा पुन्हा मारत राहायचे', असं वर एकांनी लिहिलंय. पहिलं मान्य, दुसरं नाही. पंप मारायची ती सवय जुन्या ऑइल ब्रेकची. हल्लीच्या मोठ्या ट्रकला एअर ब्रेक (हवेच्या दाबावर चालणारे) असतात आणि प्रत्येक दाबाला टाकीतली हवा थोडी थोडी निघून जाते. उतारावर डिझेल वाचवायला इंजिनच बंद केलं असेल (करतात, आणि वर अभिमानाने सांगतात!) तर टाकीत हवा भरणारा कंप्रेसर थांबतो, गेलेली हवा भरून येत नाही, शिवाय पॉवर स्टिअरिंगही दगड होतं. हवेचा काटा फार उतरला की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात खरे, पण ब्रेकचे ड्रम आधीच तापलेले असतील तर तेही धरत नाहीत.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार बघा. सरळ आहे, घाटासारखा दिसत नाही, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायचा मोह होतो. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका अवजड गाडीने कितीतरी गाड्या ठोकल्या. आमचे मामा मालट्रक चालवायचे. उतार सुरू व्हायच्या आधीच ते खालचा गिअर टाकायचे, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरतं, मागच्यांनी कितीही हॉर्न मारू देत. कारण गाडी एकदा पळायला लागली की खालचा गिअर पडतच नाही. वरच्यातून काढला आणि खालचा बसला नाही, तर उलट न्यूट्रलमध्येच अडकता.