वृषणांच्या वजनावरून माणसाच्या स्वभावाचा निवाडा करता येतो का?

धागालेखक

माणूस मुळात एकनिष्ठ की बहुगामी, हा वाद निघाला की वृषणांच्या वजनाचा दाखला हमखास पुढे येतो. चिंपांझीची मादी माजावर असताना अनेक नरांशी समागम करते, त्यामुळे खरी चुरस तिच्या शरीरात, शुक्राणूंमध्ये लागते आणि भरपूर शुक्राणू निर्माण करणारा नर वरचढ ठरतो. जेमतेम ४५ किलोच्या चिंपांझी नराचे दोन्ही वृषण मिळून सुमारे १२० ग्रॅम भरतात. त्याच्या तिप्पट-चौपट वजनाच्या गोरिलाचे मात्र ३० ग्रॅमच्या आसपास, कारण तो प्रतिस्पर्ध्यांना अंगबळावर आधीच दूर ठेवतो. माणसाचे सुमारे ४० ग्रॅम असतात. संशोधक हार्कोर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली अनेक प्रायमेट (माकडे, वानर आणि माणूस यांचा गट) जातींची अशी तुलना प्रसिद्ध केली, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यापुढच्या उडीबद्दल. काही शुक्राणू केवळ परक्या पुरुषाच्या शुक्राणूंना मारण्यासाठीच असतात, असे एक गृहीतक गेल्या शतकाच्या अखेरीस बरेच गाजले; १९९९ मध्ये निरनिराळ्या पुरुषांचे वीर्य एकत्र करून पाहिले, तेव्हा अशा मारामारीचा पुरावा सापडला नाही. शिश्नाचा आकार आधीचे वीर्य बाहेर काढण्यासाठी घडला, हा दावा तर कृत्रिम प्रतिकृतींवरील प्रयोगावर उभा आहे. अवयव दिसला की त्याला साजेशी कथा रचायची, याला विज्ञान म्हणणे मला जड जाते.

प्रतिसाद १

असहमत. आपण कच्ची गृहीतके आणि तुलनात्मक पद्धत यांना एकाच मापाने मोजत आहात. वृषणांचा दाखला एकटा नाही. गोरिला नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो, माणसात हा फरक बराच कमी आहे. म्हणजे नरांनी झुंजून माद्यांचे कळप राखण्याची पद्धत आपल्याकडे फारशी प्रबळ नसावी. चिंपांझीच्या शिश्नावर असणारे काटे, जे शुक्राणूंच्या अशा चुरशीशी जोडले जातात, माणसात नाहीत, आणि त्यांचा लोप आपल्या वंशात गळून पडलेल्या एका डीएनए-तुकड्याशी जोडणारे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. परस्परांशी संबंध नसलेले पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा त्यांना कथा म्हणता येत नाही. चिंपांझीसारखा मुक्त समागम हा आपल्या पूर्वजांचा नेम नव्हता, एवढे तरी शरीर निश्चित सांगते.

प्रतिसाद २

शरीर एवढे निश्चित सांगत असेल, तर पुढील आकड्यांचे काय करायचे? युरोपातील वंशावळी आणि जनुके ताडून पाहिल्यावर, पतीखेरीज अन्य पुरुषापासून झालेल्या अपत्यांचे प्रमाण गेल्या काही शतकांत एक टक्क्याच्या आसपास निघाले. नामिबियातील हिंबा समाजात मात्र २०२० च्या अभ्यासात ते ४८ टक्के आढळले, आणि विशेष म्हणजे कोणते मूल कोणाचे, हे तेथील पती-पत्नींना बहुतांशी अचूक ठाऊक होते. वृषण तेच, वर्तन निराळे. पुरुष स्वभावतः चंचल आणि स्त्री चोखंदळ, या समजुतीला आधार देणारा शास्त्रज्ञ बेटमन यांचा १९४८ चा फळमाशांवरील प्रयोगही २०१२ मध्ये पुन्हा केला गेला, तेव्हा त्याच्या मूळ पद्धतीतच दोष निघाला.

प्रतिसाद १

हिंबांचे उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. शरीररचनेत लक्षावधी वर्षांची सरासरी उतरते, एखाद्या समाजाच्या चार-पाच पिढ्यांची रीत नव्हे. शिवाय तेथे विवाह आहे, पती आहे, मुलांचे पालनपोषण करणारे घर आहे. चिंपांझींच्या टोळीत यांपैकी काहीच नसते.

धागालेखक

सरासरीचा मुद्दा मान्य केला, तरी ती सरासरी कशाची, हा प्रश्न उरतोच. माणसात बीजमोचनाची (स्त्रीबीज बाहेर पडण्याची) ठळक बाह्य खूण नसल्यामुळे समागम महिन्यातील ठरावीक दिवसांपुरता राहत नाही. एकाच जोडीदाराशी वारंवार होणाऱ्या समागमालाही शुक्राणूंचा साठा लागतो. मग गोरिलापेक्षा आपले वृषण थोडे जड असण्यामागे प्रतिस्पर्धी होता की केवळ ही वारंवारिता, हे वजनकाट्यावरून कसे ओळखणार? जोडीने राहणाऱ्या इतर प्रायमेट जातींत समागमाची वारंवारिता आणि वृषणांचे वजन यांचा मेळ घालून पाहिल्याशिवाय मी आपल्या ‘निश्चित’ या शब्दाला मान्यता देणार नाही.