अपघाताची क्लेम केस: तुमचं कुठे चुकलं? अनुभव लिहा

मंडळी, भावाला साडेतीन महिन्यांपूर्वी टेम्पोने मागून ठोकलं, सिग्नलला उभा होता बिचारा. मांडीत रॉड आहे. आता मोटार अपघात न्यायाधिकरणात केस टाकायचीय. वकील म्हणाले १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीय, आधी तसं नव्हतं, त्यामुळे हातात फार दिवस नाहीत. जे यातून गेलेत त्यांनी आपलं काय फसलं ते लिहा. कलमं गूगलवर सापडतात, हे नाही सापडत.

सातारी_कंदी
आमची चूक पहिल्या तासातली. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं कसं लागलं, तर मामा घाबरून बोलून गेले "गाडी घसरली", कारण कुणीतरी कानात सांगितलेलं की पोलीस केस म्हटलं की अ‍ॅडमिट करून घेत नाहीत (असलं काही नसतं, एमएलसी म्हणजे पोलिसांसाठीची अपघाताची नोंद करून उपचार करावेच लागतात). झालं, केसपेपरवर तेच उतरलं. कारने कट मारला हे एफआयआरमध्ये आलं नवव्या दिवशी. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने बाकी काही विचारलंच नाही, ती एकच ओळ फिरवून फिरवून वाचून दाखवली. समोरच्या पंपाच्या कॅमेऱ्यात सगळं होतं पण आम्ही मागायला गेलो तोवर फुटेज पुसलेलं. तरलो ते आरटीओच्या तपासणी अहवालामुळे, स्कूटरला पांढरा रंग घासलेला त्यात लिहिलं होतं. तुमच्या भावाचा जबाब कुणी घेतला, त्यात काय लिहिलंय, बघितलंय का?

रिक्षावाल्याची_लेक
बाबांचा उजवा घोटा गेला. सिव्हिलच्या दाखल्यावर अपंगत्व ३० टक्के, आणि आमच्या पहिल्या वकिलांनी कमाईचं नुकसानही ३० टक्केच धरून अर्ज लिहिला. अहो, रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो, तो दाबताच येत नाही तर ३० टक्के कमाई गेली म्हणजे काय? उरलेल्या ७० टक्क्यांत काय अर्धा ब्रेक दाबायचा? सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात सांगितलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईवर झालेला परिणाम वेगळा, माणूस काय काम करतो ते बघा. हे दुसऱ्या वकीलबाईंनी काढलं, अर्ज दुरुस्त केला, दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावलं (त्यांच्या तारखा जुळवण्यात आठ महिने गेले, पण नुसता कागद लावून डॉक्टर नाही आले तर समोरचे त्याला भोकं पाडतात). दुसरी चूक उत्पन्नाची. रिटर्न कधी भरलं नव्हतं, सगळं रोखीत. मग परमिट, बॅज, रिक्षाच्या कर्जाचे वेळेवर भरलेले हप्ते, पासबुक असं सगळं गोळा केलं. हप्ते भरत होता म्हणजे कमवत होता, एवढं तरी दिसतं.

पुढची_तारीख
लोकअदालतीत सव्वादोन लाखाला सही केली. प्लेट काढायचं ऑपरेशन बाकी होतं, ते सात महिन्यांनी झालं, ९० हजार गेले. त्या निवाड्यावर अपील नसतं हे सहीनंतर कळलं. लोकअदालत वाईट नाही, पैसे लवकर मिळतात, पण पुढच्या खर्चाचं डॉक्टरांकडून लेखी घेऊनच बसा.

कळवा_स्लो
थोडं अवांतर, लोकलमधून पडलेल्यांसाठी. ते रेल्वे दावा न्यायाधिकरणात जातं, मुदत एक वर्ष. मेव्हणा दाराशी लटकलेला, दिवा स्टेशनच्या पुढे पडला, वाचला. शर्ट हॉस्पिटलात कापून टाकला, खिशातला पास त्यातच गेला. बहिणीच्या फोनमध्ये पासाचा फोटो होता म्हणून नंबर मिळाला. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा जात नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये म्हटलंय, पण आधी प्रतिज्ञापत्र आपल्यालाच द्यावं लागतं. खरी गोची वेगळीच, पोलिसांच्या पहिल्या नोंदीत "रूळ ओलांडताना" लिहिलेलं. तसं ठरलं तर दमडी मिळत नाही. त्याच डब्यातल्या एका माणसाने येऊन साक्ष दिली म्हणून निभावलं.

आईची_सही
हॉस्पिटलच्या दारातच एकजण भेटला, आता एक रुपया देऊ नका, निकालानंतर तीस टक्के. आईने कोऱ्या वकीलपत्रावर सही केली. तीन वर्षं "चालू आहे ताई". भाच्याने ई-कोर्ट्सवर (कोर्टाच्या वेबसाइटवर) केस नंबर टाकला तर केस वर्षापूर्वीच गैरहजेरीत निकाली! मग परत उघडायचा अर्ज, उशीर माफीचा अर्ज, नवीन वकील. टक्क्यावर केस घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसतच नाही म्हणे.

झेरॉक्स_काढा
ओरिजिनल बिलं मेडिक्लेमला दिली, प्रती ठेवल्या नाहीत, वाटलं पैसे मिळाले की विषय संपला. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमचे पैसे या भरपाईतून कापायचे नाहीत, म्हणजे तीच बिलं इथेही लागणार. आता हॉस्पिटलच्या खेपा घालतोय.

धागाकर्ता: @सातारी_कंदी, आत्ता काढून वाचला जबाब. "मी वळण घेत असताना" असं लिहिलंय. सिग्नलला उभा माणूस कुठे वळेल? खाली सही भावाचीच, आयसीयूतून बाहेर आणल्याच्या दुसऱ्या दिवसाची, वेडीवाकडी. त्याला सही केल्याचं आठवतही नाही. उद्या सकाळी पुरवणी जबाबासाठी ठाण्यात जातोय, वकीलही येतायत.