बेलग्रेड विद्यापीठाचं ईमेल तोडलं, ते बरोबर होतं का?

मोडेमवाला:
३० मे १९९२ ला सुरक्षा परिषदेने ठराव ७५७ करून युगोस्लाव्हियावर (तेव्हा उरला होता फक्त सर्बिया आणि माँटेनेग्रो) शेजारच्या बोस्नियातल्या युद्धातल्या हस्तक्षेपाबद्दल निर्बंध लादले. तेल, व्यापार, विमानं बंद, ते समजू शकतो. पण त्यात वैज्ञानिक सहकार्य थांबवा असंही कलम होतं आणि त्यामुळे ईएआरएन या युरोपातल्या विद्यापीठांच्या नेटवर्कमधून बेलग्रेडची लाइन गेली. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं, तिथल्या संशोधकांना बाहेरच्या जगाशी बोलायला तीच एक लाइन. मला हे आजही चूक वाटतं, कारण त्याच जून-जुलैत बेलग्रेडचे विद्यार्थी सर्बियाचा अध्यक्ष मिलोशेविचने राजीनामा द्यावा म्हणून विद्यापीठात ठाण मांडून बसले होते! जिथून त्याला विरोध होत होता नेमकी तिथलीच वायर कापली. त्याचं काय अडलं? सरकारी टीव्ही त्याच्याच हातात होता.

नीलिमा_स:
मुद्दा कळतो पण तुम्ही बोस्नियाची राजधानी साराजेव्हो विसरताय. एप्रिल १९९२ पासून शहराला सर्ब फौजांचा वेढा, टेकड्यांवरून तोफा, पाणी नाही वीज नाही, ऑगस्टमध्ये तर नॅशनल लायब्ररीच जाळली. तिथल्या प्राध्यापकांनी कोणाला ईमेल करायचं होतं? नुसतं तेल बंद केलं की गरीब भरडला जातो आणि तस्कर गब्बर होतात, सर्बियात तेच झालं. झळ शिकल्यासवरल्या लोकांनाही बसायला हवी. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध बोलणारे गोरे प्राध्यापक होतेच की, तरी विद्यापीठांवरही बहिष्कार टाका असं खुद्द एएनसी (मंडेलांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) म्हणत होती. आपण तर १९४६ पासूनच त्यांच्याशी व्यापार तोडला होता. आणि ठराव ७५७ च्या बाजूने १३ मतं पडली, चीन आणि झिम्बाब्वे तटस्थ राहिले, भारताने बाजूने मत दिलं.

पाषाणरोड:
मोडेमवालांशी सहमत. पोखरणनंतर १९९८ मध्ये आपल्यावरच वेळ आली होती, अमेरिकेने आपल्या कित्येक संस्था काळ्या यादीत टाकल्या. मी तेव्हा पीएचडी करत होतो, आमच्या सरांना कॉन्फरन्सचा व्हिसा नाकारला, सर आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत, पण ईमेल चालू होतं म्हणून तिकडच्या माणसाबरोबर चाललेला पेपर पूर्ण झाला. तीही लाइन कापली असती तर माझी दोन वर्षं पाण्यात गेली असती.

नीलिमा_स:
पाषाणरोड, तुमच्या सरांबद्दल वाईट वाटतं, पण ही तुलना नको. पोखरणमध्ये कोणाचं गाव जाळलं नव्हतं.

ढगफुटी:
यंत्र न देणं वेगळं आणि बोलणं तोडणं वेगळं, इथे दोन्हीची सरमिसळ होतेय. अमेरिकेने आपल्याला क्रे सुपरकॉम्प्युटर नाकारला तर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली, १९९१ ला परम ८००० तयार. यंत्र आपलं आपण बनवता येतं हो, पण पलीकडचा माणूस कुठून बनवणार? त्याच युगोस्लाव्हियात सर्बिया-क्रोएशिया फोनही तुटले होते, तेव्हा शांततावाल्यांनी १९९२ मध्ये ‘झा मिर’ (म्हणजे शांततेसाठी) नावाचं नेटवर्क काढलं. बेलग्रेडचा कॉम्प्युटर जर्मनीत बिलेफेल्डला फोन करून पत्रं टाकायचा, क्रोएशियातल्या झाग्रेबचा तिथून उचलायचा. शेजारच्या देशात पत्र धाडायला जर्मनीचा वळसा! एवढ्या खटाटोपाने लोक जे जोडत होते तेच ठरावाने तोडायचं?

नीलिमा_स:
झा मिर कार्यकर्त्यांचं होतं, विद्यापीठ सरकारी पैशावर चालतं, माझ्यासाठी हा फरक मोठा आहे. सर्न या जिनिव्हाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेनेही युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे रशियाबरोबरचा करार ३० नोव्हेंबर २०२४ ला संपवलाच ना? मला ते योग्य वाटतं.

मोडेमवाला:
करार संपवला, पण रशियातल्याच डुब्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुसंशोधन संस्थेशी संबंध ठेवलेच की. आणि युक्रेनने २०२२ मध्ये रशियाचं डॉट-आरयू डोमेनच बंद करा अशी मागणी केली तेव्हा इंटरनेटवरच्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने नकार दिला, तो मला पटला. बेलग्रेडचंच पुढचं सांगतो. डिसेंबर १९९६, नगरपालिकांचे निकाल चोरले म्हणून लोक रस्त्यावर आणि सरकारने तिथला बी९२ हा स्वतंत्र रेडिओ बंद पाडला. त्यांनी ॲमस्टरडॅमच्या एका इंटरनेट कंपनीमार्फत नेटवरून प्रसारण चालू ठेवलं, दोन दिवसांत रेडिओ परत सुरू झाला. वायर होती म्हणून जमलं.

नीलिमा_स:
बी९२ चं मान्य, मनापासून. पण ते १९९६. त्याआधी जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात सर्ब फौजांनी आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारून झाले होते, निर्बंधांना तीन वर्षं उलटल्यावर. म्हणून मी म्हणते निर्बंध कमी पडले, जास्त झाले नाहीत.